संगणकाचें जाळें तुटलें असतां

घरांतील एखादें यंत्र अडलें म्हणजे घरांतल्या माणसांचे स्वभाव उघडे पडतात. नागपूर येथें नभोवाणीचें केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. त्या काळीं रेडिओची पेटी मुकी झाली कीं एक गृहस्थ तिच्यावर थाप मारी, दुसरा पेचकस घेऊन तिची पाठ उघडूं लागे, आणि तिसरा निमूटपणें छपराकडे जाऊन एरियलची तार जागेवर आहे कीं नाहीं हें पाहून येई. आज त्या पेटीच्या जागीं लॅपटॉप आला आहे व आकाशांतून येणाऱ्या आवाजाच्या जोडीला इंटरनेट आलें आहे. परंतु थाप मारणारे, पेंच उघडणारे आणि तार पाहणारे हे तीन वर्ग जसेच्या तसे राहिले आहेत. या तिसऱ्या वर्गाची रीति कोणती, आणि ती कोणाहि सुशिक्षित माणसाला शिकतां येते काय, हा या भाषणाचा विषय आहे.

ही रीति भंडारा जिल्ह्याला नवी नाहीं. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानें या भागांत जे तलाव बांधले, त्यांच्या पाण्यावर धानाच्या बांध्या पिढ्यानपिढ्या पिकत आल्या आहेत. ऐन धान निसवण्याच्या वेळीं शेवटच्या बांधींत पाणी पोंचेनासें झालें, तर जाणता शेतकरी तलावाची पाळ फोडावयास धांवत नाहीं. तो आपल्या बांधीपासून निघतो आणि पाटाच्या कांठाकांठानें तलावाकडे चालूं लागतो. जेथें पाणी नाहीं ती जागा आणि जेथें पाणी आहे ती जागा, या दोहोंच्या मध्येंच कोठें तरी अडथळा असला पाहिजे, हें त्याला ठाऊक असतें. संगणकाच्या जाळ्यांतील दोष शोधण्याचें सारें शास्त्र या एका चालण्यांत आलें आहे.

उदाहरण म्हणून लाखनीसारख्या गांवीं राहणारे एक निवृत्त शिक्षक डोळ्यांपुढें आणावे. गांव त्यांना गुरुजी म्हणूनच ओळखतें. त्यांचा लॅपटॉप जुना आहे. विंडोज १० या प्रणालीची मोफत देखभाल तिच्या निर्मात्यांनीं १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि पुढची विंडोज ११ ही प्रणाली जुन्या यंत्रांपैकीं पुष्कळांना स्वीकारीत नाहीं. गुरुजींच्या यंत्रावरहि तोच प्रसंग आला. तेव्हां त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, जो आतां पुण्यास अभियंता आहे, त्यावर लिनक्स बसवून दिलें.

लिनक्स हें नांव ऐकून पुष्कळांस तें कांहीं तरी तज्ज्ञांपुरतें प्रकरण वाटतें. वस्तुतः त्याचा जन्म एका विद्यार्थ्याच्या खोलींत झाला. हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यानें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं आपण एक छोटी संगणक-प्रणाली लिहीत असल्याचें जाहीर केलें. अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यानें १९८३ सालींच मुक्त प्रणालीचा संकल्प सोडला होता, आणि तिचे बहुतेक अवयव तयारहि झाले होते. या दोन प्रयत्नांचा संगम होऊन जी प्रणाली उभी राहिली, ती कोणीहि वापरावी, उघडून पाहावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी, अशी तिची अट आहे. उघडून पाहण्याची ही मुभाच आजच्या गोष्टींत उपयोगी पडली.

गुरुजी गेलीं अकरा वर्षें झाडीबोलीचे शब्द गोळा करीत आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या झाडीच्या मुलुखांत जी मराठी बोलली जाते, तिच्यांत ‘ळ’चा ‘र’ होतो आणि ‘ण’चा ‘न’ होतो. डोळ्याला डोरा म्हणतात. शाळेंत मुलांच्या वहींतील अशा शब्दांखालीं लाल रेघा ओढण्यांत गुरुजींची सारी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर तेच शब्द वेंचून जपण्याचा त्यांनीं ध्यास घेतला. म्हाताऱ्या बायांकडून ऐकलेलीं गाणीं, दंडारींतले संवाद, शेतीच्या अवजारांचीं नांवें, असें सारें त्या एका लॅपटॉपमध्यें होतें. पुस्तकाचीं अखेरचीं दुरुस्त पानें नागपूरच्या छापखान्याकडे त्या दिवशीं संध्याकाळपर्यंत धाडावयाचीं होतीं. आणि सकाळपासून इंटरनेट मिळत नव्हतें.

बाजारांतील एका दुकानांतला मुलगा येऊन पाहून गेला. पडद्यावर वाय-फायची खूण नीट उमटलेली असून एकहि पान उघडत नाहीं, हें पाहतांच त्यानें निकाल दिला. “हें सारें पुसून नव्यानें बसवावें लागेल. चार वाजतां येतो,” असें सांगून तो निघून गेला. पाळ फोडण्याचा सल्ला म्हणतात तो हाच. गुरुजींनीं घाबरून पुण्यास फोन लावला.

“गुरुजी, प्रथम एक सांगा,” विद्यार्थ्यानें विचारलें, “पुस्तकाची दुसरी प्रत कोठें आहे?”

गुरुजी कांहीं वेळ बोलले नाहींत. अकरा वर्षांत ही गोष्ट त्यांच्या मनांतहि आली नव्हती. टेबलाच्या खणांत एक पेनड्राइव्ह पडला होता. विद्यार्थ्याच्या सांगण्याप्रमाणें त्यांनीं सारे लेख त्यांत उतरविले, आणि त्यांतील दोन पानें उघडून खरोखरच उतरलीं आहेत याची खात्री करून घेतली. या कामास दहा मिनिटें लागलीं. आतां वेळ पडल्यास पेनड्राइव्ह घेऊन कोठूनहि पानें पाठवितां आलीं असतीं. भीति गेली, आणि मग शोधाला आरंभ झाला.

पहिला प्रश्न असा कीं, दोष घरच्या जोडणींत आहे कीं यंत्रांत? येथें एक फसगत नेहमीं होते. माणूस हातांतला मोबाइल पाहतो, त्यावर सारें चालू दिसतें, आणि घरची जोडणी ठीक आहे असें तो ठरवितो; परंतु मोबाइल त्या वेळीं मनोऱ्यावरून स्वतःचा डेटा घेत असतो. म्हणून गुरुजींना मोबाइलचा डेटा बंद करून केवळ घरच्या वाय-फायवर एक पान उघडण्यास सांगण्यांत आलें. पान उघडलें. अर्थात्‌ तलावांत पाणी होतें. बांधीच कोरडी होती.

दुसरा प्रश्न यंत्राच्या बिनतारी भागाचा. पुष्कळ लॅपटॉपांवर विमानाच्या चित्राची एक कळ असते. ती चुकून दाबली गेली कीं बिनतारी भाग झोंपीं जातो. लिनक्समध्यें ‘आरएफकिल’ नांवाची आज्ञा आहे. हा भाग प्रणालीनें बंद केला आहे कीं एखाद्या कळीनें, हें ती वेगवेगळें सांगते. गुरुजींनीं काळ्या खिडकींत, जिला टर्मिनल म्हणतात, ती आज्ञा लिहिली. दोन्ही प्रकारें उत्तर ‘नाहीं’ असें आलें. बिनतारी भाग जागा होता.

तिसरा प्रश्न पत्त्याचा. जाळ्यांत शिरणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक अंकरूप पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचा हा पत्ता चार आंकड्यांचा असून प्रत्येक आंकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. घरांतील राऊटर, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी घरांतील यंत्रांना वांटून देणारी पेटी, हा पत्ता आपण होऊन नेमून देते. ‘आयपी अॅड्रेस’ ही आज्ञा दिली असतां गुरुजींच्या पडद्यावर १९२.१६८.१.७ असा पत्ता आला. त्याऐवजीं १६९.२५४ नें आरंभ होणारा आंकडा आला असता, तर राऊटरनें उत्तर दिलें नाहीं व यंत्रानें आपलीच कांहीं तरी सोय लावून घेतली, असा त्याचा अर्थ झाला असता. येथें तसें नव्हतें.

चौथी पायरी हांक मारण्याची. अमेरिकेच्या सैन्याच्या एका संशोधनशाळेंत काम करणाऱ्या माइक मूस यानें डिसेंबर १९८३ मध्यें ‘पिंग’ नांवाची एक छोटी आज्ञा लिहिली. पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या यंत्राचा ध्वनि पाण्यांत जाऊन आदळतो व परत येतो, त्या आवाजावरून हें नांव पडलें. एका यंत्रानें दुसऱ्यास हांक घालावी आणि ओ येण्यास किती वेळ लागला तें मोजावें, एवढेंच हिचें काम. गुरुजींनीं प्रथम घरच्या राऊटरला, १९२.१६८.१.१ या पत्त्यावर, हांक घातली. ओळींमागून ओळी उमटूं लागल्या.

“हें थांबतच नाहीं,” गुरुजी म्हणाले.

“लिनक्सवरचें पिंग सांगितल्यावांचून थांबत नाहीं, गुरुजी. कंट्रोलची कळ दाबून धरा आणि सी दाबा.”

घराच्या उंबऱ्यापर्यंत वाट मोकळी असल्याचें ठरलें. आतां उंबऱ्याबाहेर. १.१.१.१ हा एक सार्वजनिक पत्ता आहे. क्लाउडफ्लेअर या कंपनीची त्यावरील सेवा १ एप्रिल २०१८ रोजीं सुरू झाली. लिहिण्यास सोपा असल्यामुळें तपासणीच्या कामीं तो बरा पडतो. त्यासहि हांक घातली, आणि तेथूनहि ओ आली. म्हणजे ज्या यंत्राला इंटरनेट मिळत नाहीं म्हणून पुसून टाकण्याची तयारी चालली होती, त्याला इंटरनेट मिळतच होतें! मग पानें कां उघडत नव्हतीं?

“आतां आंकडा नको, एखाद्या संकेतस्थळाचें नांव घालून हांक मारा,” विद्यार्थी म्हणाला. गुरुजींनीं तसें केलें. बराच वेळ कांहीं घडलें नाहीं. मग एक ओळ आली. तिचा भावार्थ असा कीं, नांवाचा पत्ता सध्यां लावतां येत नाहीं. पाणी कोठें अडलें होतें, तें त्या ओळीनें सांगून टाकलें.

येथें थोडें थांबून हा प्रकार समजून घेतला पाहिजे. यंत्रें आंकडे ओळखतात आणि माणसें नांवें लक्षांत ठेवतात. जाळें लहान होतें तेव्हां साऱ्या नांवांची व आंकड्यांची एकच यादी अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत ठेवलेली असे, आणि इतरांनीं ती उतरवून घ्यावी असा रिवाज होता. जाळें वाढलें तशी ती यादी अपुरी पडूं लागली. तेव्हां पॉल मोकापेट्रिस यानें १९८३ सालीं नांवें लावून देण्याची वांटून दिलेली व्यवस्था आंखली. तिला डीएनएस म्हणतात. प्रत्येक संगणकाला कोणा एका माहितगाराचा पत्ता ठाऊक असावा लागतो. कोणतेंहि नांव आलें कीं संगणक त्या माहितगाराला पुसतो व मिळालेल्या आंकड्याकडे निघतो. गुरुजींच्या यंत्राचे पाय धड होते आणि रस्ताहि मोकळा होता. वाट सांगणारा तेवढा जागेवर नव्हता.

त्या माहितगाराचा पत्ता लिनक्समध्यें एका साध्या मजकुराच्या फाईलींत लिहिलेला असतो. ती कोणालाहि वाचतां येते. गुरुजींनीं ती उघडली. आंत एकच ओळ होती, आणि त्या ओळींतील आंकडा १० पासून सुरू होत होता.

“गुरुजी, हा आंकडा आपल्या घरचा नव्हे,” विद्यार्थी म्हणाला. “हा लॅपटॉप कोणी बाहेर नेला होता काय?”

नेला होता. गुरुजींचा नातू नागपुरास अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतो. त्याचें यंत्र दुरुस्तीस गेलें म्हणून त्यानें पंधरा दिवसांकरितां आजोबांचा लॅपटॉप नेला होता व आदल्या रात्रींच परत आणून ठेवला होता. १० पासून आरंभ होणारे, तसेच १९२.१६८ नें आरंभ होणारे पत्ते खाजगी वापरासाठीं राखून ठेवलेले आहेत. १९९६ सालचा तसा संकेत आहे. ज्याच्या त्याच्या आवारापुरताच त्यांना अर्थ असतो. वसतिगृहाच्या आवारांतील माहितगाराचा तो आंकडा लाखनीच्या घरांत बसून विचारणें, म्हणजे नागपूरच्या एखाद्या वाड्यांतील तिसऱ्या खोलीचा पत्ता लाखनीच्या पोस्टमनला विचारण्यासारखें होतें.

एरव्हीं ही फाईल प्रणाली स्वतःच लिहिते, आणि जागा बदलली कीं तींतील आंकडाहि बदलते. येथें तसें झालें नाहीं, कारण ती फाईल कोणासहि बदलतां येऊं नये असा शिक्का तिच्यावर मारलेला होता. लिनक्समध्यें अशी सोय आहे, आणि शिक्का आहे कीं नाहीं हें पाहण्याची आज्ञाहि आहे. तिनें शिक्का दाखविला.

आतां तीन आज्ञा द्यावयाच्या होत्या: शिक्का काढणें, ती फाईल बाजूस सारून प्रणालीचा मूळचा दुवा पुन्हां जोडणें, आणि जाळ्याची व्यवस्था नव्यानें सुरू करणें. या आज्ञा प्रणालीच्या मालकाच्या अधिकारानें द्याव्या लागतात, म्हणून त्यांत एक अक्षरहि चुकून चालत नाहीं. विद्यार्थ्यानें त्या सांगितल्या, गुरुजींनीं त्या आधीं कागदावर उतरविल्या, मग अक्षर न्‌ अक्षर वाचून दाखविल्या, आणि तो “बरोबर” म्हणाल्यावरच टंकलिखित केल्या. तीस वर्षांपूर्वीं याच विद्यार्थ्याला गुरुजी शुद्धलेखन घालीत असत. आज तो सांगत होता व ते लिहीत होते. दोघांनाहि तें जाणवलें, परंतु कोणी बोललें नाहीं.

तिसरी आज्ञा पुरी झाली. नांवाला हांक घातली, आणि ओ आली. साडेतीन वाजले होते. पानें छापखान्याकडे गेलीं, आणि दुकानांतल्या मुलाला येऊं नको म्हणून निरोप गेला.

श्रोत्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. प्रत्येक घरांतील दोष हाच असेल असें मुळींच नाहीं. कधीं बिनतारी भागच यंत्राला दिसत नाहीं, कारण त्या भागाला लागणारा निर्मात्याचा मजकूर, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो प्रणालीबरोबर आलेला नसतो. डेबियन या जुन्या व प्रतिष्ठित लिनक्स-संचानें असा मजकूर आपल्या मुख्य स्थापन-संचांत समाविष्ट केला तो जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून; त्यापूर्वीं तो वेगळा मिळवावा लागे. कधीं यंत्राच्या आंतील छोटी विद्युत्‌घटिका संपून तारीख कित्येक वर्षें मागें जाते; मग हांकेला ओ मिळते, नांवाचा पत्ता लागतो, आणि तरीहि सुरक्षित पानें उघडत नाहींत, कारण त्या पानांचीं प्रमाणपत्रें अजून जन्मलींच नाहींत असें यंत्राला वाटतें. कधीं राऊटरच थकलेला असतो, व तो बंद करून पुन्हां चालू केल्यानें काम भागतें. दोष अनेक आहेत, परंतु चालण्याची वाट एकच. यंत्राचा बिनतारी भाग, मग पत्ता, मग घरचा उंबरा, मग बाहेरचें जग, मग नांव, आणि शेवटीं पान. ज्या पायरीवर ओ येणें थांबतें, तेथेंच खणावें; अन्यत्र खणूं नये. आणि या साऱ्याच्या आधीं लेखांची दुसरी प्रत.

त्या रात्रीं नातवाचा फोन आला. त्याला सारी हकीकत कळली होती. वसतिगृहांत नांवें लागत नव्हतीं, म्हणून एका मित्राच्या सांगण्यावरून त्यानें तो आंकडा लिहिला होता. प्रणाली तो पुनःपुन्हां पुसते म्हणून शिक्का मारला होता. आणि तेथें काम चालूं लागल्यावर तो सारें विसरून गेला होता.

“आजोबा, तुमचें पुस्तक माझ्यामुळें गेलें असतें,” तो म्हणाला.

“पुस्तक माझ्यामुळें गेलें असतें,” गुरुजी म्हणाले. “अकरा वर्षें एकच प्रत ठेवली होती मीं. तूं फक्त पाट फिरविलास. पण बाळ, दुसऱ्याच्या बांधीवरचा पाट फिरविला, तर जातांना सांगून जावें.”

दुसऱ्या दिवशीं लॅपटॉपजवळ एक शंभर पानी वही आली. यंत्रांत कोणीं, कोणत्या दिवशीं, काय बदललें, हें तींत लिहावयाचें असा घरांत नियम झाला. पहिली नोंद नातवाच्या सांगण्यावरून गुरुजींनींच केली आहे. खालीं त्या तीन आज्ञा सुवाच्य अक्षरांत उतरविलेल्या आहेत, आणि त्यांच्या पुढें लाल शाईनें एक बरोबरची खूण आहे.